लाकडाची इंजिनं

"अभ्यास चालू आहे."

हे बोलण्याआधी चष्मा काढायचा, काचेवर तोंडाची वाफ सोडायची, शर्टाच्या टोकानं पुसायचा, उजेडाकडे धरून बघायचा आणि परत पुसायचा. मग तो डोळ्यांवर चढवून सावकाश म्हणायचं, "अभ्यास चालू आहे." प्रश्न काय, तर "साहेब, इंजिन घेतलं का?" बस, एवढाच. सहा वर्षं मी हा प्रश्न विचारला आणि सहा वर्षं हेच उत्तर ऐकलं. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. मला असल्या माणसांचा पहिल्यापासून तिटकारा आहे. ते मी लपवतही नाही.

साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. गोंदियात माझ्या दुकानामागच्या गल्लीत त्यांचं घर. माझं दुकान पंप आणि इंजिनांच्या सुट्या भागांचं. आम्हां चार-पाच जणांना रिमोटवर विमानं उडवायचा नाद आहे. तिरोड्याच्या वाटेवर एक गावतलाव उन्हाळ्यात आटतो आणि त्याचं पोट सिमेंटसारखं टणक होतं. रविवारी सकाळी आम्ही तिथं जमतो. गावातले म्हातारे तलावाच्या पाळीवर बसून आम्हाला हसतात. हसू देत. साहेबही यायचे, पण बॅटरीवरचं एक लहानसं विमान घेऊन, एका कडेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मोठं विमान त्यांच्या घरी होतं, समोरच्या खोलीत, दिवाणावर.

खोटं कशाला बोलू, विमान देखणं होतं. या पंखापासून त्या पंखापर्यंत सात फूट. काडी न् काडी साहेबांनी हातानं कापलेली, चिकटवलेली, घासलेली. कसरतीचं विमान ते. हवेत उलटं होतं, गिरक्या घेतं आणि नाक वर करून पंख्याच्या जोरावर एका जागी उभं राहतं. त्यासाठी इंजिनाची ओढ विमानाच्या वजनापेक्षा चांगली जास्त लागते. यात आणखी काही मोठं शास्त्र नाही. विमानाच्या नकाशावर स्वच्छ लिहिलं होतं, पन्नास ते साठ सीसीचं पेट्रोल इंजिन. दुसरा कुणी पंधरा दिवसांत घेऊन मोकळा झाला असता.

साहेबांनी काय करावं? लाकडाचं इंजिन बनवलं!

हो, लाकडाचं. कंपनीच्या कागदावरून मापं घेऊन, सागाच्या तुकड्यातून, सिलिंडरच्या चकत्यांसकट. आत भोक पाडून शिशाचे छर्रे भरले, म्हणजे वजन ग्रॅमला ग्रॅम जुळावं. मग ते विमानाच्या नाकातल्या फळीवर स्क्रूनं बसवायचं, पंखांखाली दोन बोटं घालून विमान उचलायचं आणि नाक झुकतं की शेपूट ते वहीत लिहायचं. मग काढायचं. मग दुसऱ्या कंपनीचं इंजिन, तेही लाकडाचं. त्याचे स्क्रू दुसऱ्या जागी, म्हणून फळीला नवे छेद. लोकांच्या शोकेसमध्ये कपबशा असतात, यांच्या शोकेसमध्ये सात लाकडी इंजिनं ओळीनं मांडलेली. पाहून माझं डोकंच फिरायचं.

"साहेब, हे उडवाचं हाय का पुजाचं?" मी एकदा विचारलं.

"भाऊ, धूर मागे सोडणारं घेतलं तर नाकात बोटभर जागा वाचते. पण मग वजन मागे सरकतं."

"मंग नाकात शिसं टाका न."

"मेलेलं वजन कशाला उडवायचं?" असं म्हणून त्यांनी चष्मा काढला. मी उठून आलो.

एकदा तर धानाच्या हंगामात, दुकानात शेतकऱ्यांची ही गर्दी, कुणाचा पंप बंद, कुणाचा पट्टा तुटलेला. आणि साहेब खिशातून इवलासा काटा काढून काउंटरवर बोल्ट तोलत बसले. स्टीलचा बोल्ट किती, ॲल्युमिनियमचा किती. सौंदडकडचा एक शेतकरी बराच वेळ पाहत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "सोनं घेऊन राहिले का जी साहेब?" सगळं दुकान हसलं. साहेबांनी बोल्ट उचलला, चिठ्ठीवर आकडा लिहिला, त्या शेतकऱ्याला नमस्कार केला आणि गेले. लाज वाटायला हवी की नाही माणसाला? यांना नाहीच.

माझा स्वभाव याच्या उलट. एका महिन्यात विमान उभं करायचं, दुसऱ्या महिन्यात आपटायचं, तिसऱ्या महिन्यात नवं. माझं शेवटचं विमान आपटलं तेव्हा त्याचं ऐंशी सीसीचं इंजिन जसंच्या तसं वाचलं होतं. एका सिलिंडरचं, दणदणीत. ते दुकानात फडताळावर पडून होतं आणि साहेब दिसले की माझी नजर त्याच्याकडे जायची.

मग तो मे महिन्यातला रविवार आला. आम्ही तलावावरून परतताना साहेबांकडे चहाला थांबलो. थांबलो म्हणजे व्हरांड्यात उभे राहिलो, कारण आत विमान. वहिनी नवेगावबांधकडच्या, बोलायला मोकळ्या. चहाचे कप देताना म्हणाल्या, "सहा वर्षं झाले, भाऊ. माझी बहीण आली तरी अठीच बसते, व्हरांड्यात. यंदा तरी उडते का ते इमान?"

मी म्हणालो, "वहिनी, इंजिनाबिगर कसं उडन? अन् साहेबांच्या हातून काही ठरते का? आता तुमीच ठरवून द्या त्यायले."

वहिनी हसल्या. "मले पाहाले आले होते तवा त दहा मिनटात हो म्हणले होते!"

"तीच एक चूक लवकर झाली वाट्टे," मी म्हणालो. मग काय, सगळेच हसले. वहिनी तर तोंडाला पदर लावून हसत होत्या. साहेबांनी चष्मा काढला, पुसलाच नाही, तसाच हातात धरला. माझ्याकडे बघून म्हणाले, "आणा तुमचं."

मी जिंकलो होतो. अर्ध्या तासात इंजिन घेऊन हजर. साहेब म्हणाले, "भाऊ, ऐंशी सीसीला हे नाक केलेलं नाही. निदान फळी बदलू. नाक कापावं लागेल, दोन महिने जातील." फळी मी पाहिली. छेदांनी चाळणी झालेली. सात इंजिनांचे छेद, काही एकमेकांना खेटून. पण दोन महिने? म्हणजे पावसाळा, तलाव भरणार, परत पुढचं वर्ष, परत अभ्यास. मी म्हणालो, "काही होत नाही जी. बांबूच्या काड्या ठोकतो, वरून एपॉक्सी भरतो. दगड होते दगड." ते काहीतरी बोलणार होते. वहिनी दारात उभ्या होत्या. ते बोलले नाहीत. विमान मीच दुकानात नेलं आणि मीच छेद बुजवले. कंपनीच्या एका कागदाकडेही मी पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी वहिनी पहिल्यांदा तलावावर आल्या. मोहाच्या झाडाखाली सतरंजी, थर्मास, डब्यात सगळ्यांसाठी पोहे. धानाची पोती तोलायचा काटा आम्ही बाभळीला बांधला, त्याला दोरी आणि दोरीला विमानाची शेपूट. इंजिन सुरू केलं. काय आवाज! काटा सरकत सरकत विमानाच्या वजनाच्या दुपटीपलीकडे गेला. मी साहेबांच्या पाठीवर थाप मारली. "पाहा! याले म्हणते इंजिन. सहा वर्षं खालीपिली वाया घालवले तुमी." ते वाकून विमानाच्या नाकाला हात लावून बसले होते. हात लगेच काढला नाही त्यांनी.

मला वाटलं होतं, हा माणूस विमान उचलताच घाबरेल आणि रिमोट माझ्या हातात देईल. तशी माझी तयारीही होती. पण साहेबांनी विमान स्वतःच वर नेलं. असं आमच्यापैकी कुणी कधी उडवलं नव्हतं. घाई नाही, झटका नाही. एक मोठी गिरकी, मग उलटं, मग आमच्यासमोर, माणसाच्या दुप्पट उंचीवर, विमान नाक वर करून उभं राहिलं. सात फुटांचं विमान, हवेत, एका जागी. वहिनी सतरंजीवरून उठून उभ्या राहिल्या. "अजी बापा," एवढंच म्हणाल्या. साहेब हसत होते. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

त्यांनी विमान पुन्हा उंच नेलं. मला आवाज ठीकच वाटत होता. साहेबांनी मान तिरकी केली आणि हळूच म्हणाले, "फळी गेली."

मग तडतड झाली. इंजिन पंख्यासकट नाकातून निघालं आणि वेगळं पडलं. विमानाचं शेपूट खाली गेलं आणि ते कसंही उलटंपालटं होत जमिनीवर आपटलं. पाळीवरचे म्हातारेसुद्धा हसले नाहीत.

साहेब धावले नाहीत. त्यांनी रिमोट बंद केला, खाली ठेवला आणि चालत गेले. आधी गेले ते इंजिनाकडे. माती झाडली, रुमालानं पुसलं, फिरवून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. "तुमचं इंजिन, भाऊ. याला काही झालेलं नाही." मग विमानाचे तुकडे गोळा करायला गेले. आम्ही मदतीला निघालो तर त्यांनी हातानंच थांबवलं.

मी एकदा तरी म्हणायला हवं होतं की साहेब, माझं चुकलं. नाही म्हटलं. उलट चार ठिकाणी सांगत फिरलो की फळीला एवढे छेद पाडल्यावर दुसरं काय होणार. महिनाभरानं त्यांच्या घरी गेलो. समोरच्या खोलीत नवा सोफा होता. बाजूच्या खुर्चीवर साहेब टीव्हीपुढे बसलेले. बातम्या लागल्या होत्या आणि आवाज बंद होता. मला पाहून "या भाऊ" म्हणाले, चांगले म्हणाले, आणि थोड्या वेळानं आत निघून गेले.

वहिनींनी पाणी आणून दिलं.  मग म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाही त्यायचा. तुमी त बोलतच राहाता. पण त्या दिवशी मी हसली न, भाऊ. मी काऊन हसली?"

 मला सोफ्यावर नीट बसता येईना.

अजूनही कुणी चष्मा पुसत विचार करत बसला की माझं डोकं तापतं. मी काही सुधारलेलो नाही. पण साहेबांना मी शेवटचं पाहिलं ते सांगतो. दिवाळीनंतर ते दोघं मुलीकडे राहायला गेले, त्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. बाजारात चपलांच्या दुकानात साहेब दिसले. दुकानदारानं पहिला जोड काढून पुढे ठेवला. साहेबांनी पाय घातले. चप्पल आखूड होती, बाहेर रस्त्यावरून मलाही दिसत होतं. दुकानदारच म्हणाला, "काकाजी, एक नंबर मोठा दाखवतो न. रंग पण हायेत."

"नको. हीच द्या," साहेब म्हणाले.

मी पायरी चढून आत गेलो. "साहेब, पाहून घ्या न जी दुसरी. कायले घाई करता? मी थांबतो. पाहिजे तेवढा वेळ पाहा."

ते माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. "नको, भाऊ." पिशवीत जुनी चप्पल टाकली आणि नवी घालून ते बाजारातून निघाले. दोन्ही टाचा बोटभर मागे, चपलेच्या बाहेर.