नाटकं सुचवणाऱ्या बाई

बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरचे सखारामभाऊ केळी घेऊन खांडव्याच्या मंडईत आले, की माहेरचा माणूस म्हणून एक फणी माझ्या दारात ठेवून जातात. गेल्या महिन्यात आले तेव्हा ओट्यावर टेकले, पाणी प्यायले आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसत म्हणाले, "तुमची ती नाटकवाली बाई गेली ना, ताई. इतवाऱ्यातली." मी विचारलं, कधी? "चार रोज झाले असतील. तापीवर नेली. आदमी कमीच होते." मग केळी गोणपाटात गुंडाळून ठेवा, दोन दिवसांत पिकतील, असं सांगून ते उठले. मी आत येऊन भाताखालचा जाळ कमी केला. रडू आलं नाही. बाईंकडून मी जे काही शिकले त्यात हेही होतं, की रडण्यावर फार भरवसा ठेवू नये... ते कसं, ते पुढे सांगते.

मनोरमाबाई बुऱ्हाणपूरला मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. इतवाऱ्यात एका अत्तरवाल्याच्या दुकानावर त्यांची खोली होती, त्यामुळे त्यांच्या वह्यांनासुद्धा वाळ्याचा वास यायचा. लग्नानंतर दोन वर्षांत त्या सासरहून परत आल्या होत्या. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्यांना नाद एकच, नाटकाचा. तोही देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या नाटकांचा नाही. आपल्यासारख्या घरांत जे चालतं ते ज्यात असेल, तेवढंच नाटक त्या नाटक मानायच्या. भुसावळला, जळगावला नवीन खेळ लागला की शनिवारी शाळा सुटल्यावर पॅसेंजरने एकट्या जायच्या आणि सोमवारी वर्गात हजर. गावात कुजबुज व्हायची. बाईंना ती ऐकू येत नसावी, किंवा ऐकून झालेली असावी.

गावातून तेव्हा एक मराठी साप्ताहिक निघत असे. त्यात शेवटच्या पानावर एका चौकटीत बाई नाटकं सुचवायच्या. मजकूर आठ-दहा ओळींचा, पण लोक अंक उघडून आधी तो वाचायचे. मला काही अजून पाठ आहेत. 'या नाटकात निवृत्त झालेल्या हेडक्लार्कला स्वतःच्या घरात बसायला जागा उरत नाही. ज्यांच्या घरी सासरे आहेत त्यांनी जरूर पाहावे. सासऱ्यांना सोबत नेऊ नये.' किंवा, 'मूल होत नाही म्हणून दुसरी बायको आणणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे. दोष कुणात आहे हे तिसऱ्या अंकात कळते. तोवर उठून जाऊ नये.' नट कसे, पडदे कसे, गाणी किती, यातलं त्या काही लिहायच्या नाहीत. कुणी पाहावं, एवढंच लिहायच्या.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, लोधीपुऱ्यात कापडाचं दुकान चालवत आणि गावच्या नाट्यसमितीचे अध्यक्ष होते. बाईंबद्दल त्यांना मोठा आदर. त्यांची चौकट ते दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचे. मी नववीत होते तेव्हा देश नुकता स्वतंत्र झाला होता. रोज वर्तमानपत्रात कुठलं तरी संस्थान विलीन झाल्याची बातमी असायची आणि भूगोलाच्या बाई वर्गातल्या नकाशावर त्या संस्थानावर पेन्सिलीने तिरप्या रेघा मारायच्या. त्याच वर्षी मला खांडव्याहून मागणी आली. कोर्टात नोकरी असलेले गृहस्थ, बायको बाळंतपणात गेलेली, घरात लहान मुलगी आणि तान्हा मुलगा. माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठे. माझ्या पाठीवर तिघी बहिणी होत्या. अण्णांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. दोन-तीन महिने ते जेवताना माझ्याकडे बघायचे आणि मान खाली घालायचे. वर्गात मी पहिली होते. मी जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "बघू. मला एक नाटक आठवतंय."

ते नाटक एका शाळकरी मुलीचं होतं. हुशार मुलगी, बाप प्रेमळ, आणि तो तिला दुप्पट वयाच्या माणसाला देतो. बाईंनी अण्णांच्या मागे लागून ती मंडळी जळगावहून बोलावली. बायकांना यायला सोपं जावं म्हणून रविवारी दुपारचा प्रयोग ठेवला, जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये. हंगाम संपला होता आणि कोपऱ्याकोपऱ्यांत अजून कापसाचा भुगा होता. मी आईबरोबर चिकाच्या पडद्याआड बसले होते. अण्णा पहिल्या रांगेत. शेवटच्या प्रवेशात ती मुलगी माहेरी येते. बाप विचारतो, सुखात आहेस ना? ती म्हणते, हो. नवरा चांगला वागवतो ना? हो. काही वाचतेस की नाही? त्यालाही ती हो म्हणते, आणि तो हो असा येतो की शेडमधल्या माणसांनी श्वास घ्यायचं थांबवलं. अण्णा दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होते. त्यांचे खांदे हलत होते. मी माझ्या बापाला तसं कधीच पाहिलं नव्हतं. मला वाटलं, सुटले मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून त्यांनी आईला सांगितलं, खांडव्याला पत्र टाकतो, मुहूर्त बघा.

बाई त्याच संध्याकाळी आमच्या घरी आल्या. चहा मी नेऊन दिला, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर झालं. बाईंनी विषय काढायच्या आधी अण्णाच म्हणाले, "बाई, तुमचे फार उपकार झाले. काय नाटक दाखवलंत. किती दिवस छातीवर दगड होता. काल पोटभर रडलो आणि मोकळा झालो."

बाई म्हणाल्या, "म्हणजे मागणीला नाही म्हणणार ना?"

"नाही कसं म्हणणार? तीन मुली आहेत मागे. द्यायचं तर होतंच, धीर होत नव्हता. तो काल आला." मग हसून म्हणाले, "राजे लोक राज्यं देऊन टाकताहेत, बाई. मी तर मुलगी देतोय."

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला. चहावर साय धरली. त्या वाद घालतील, मॅट्रिकपर्यंत थांबा म्हणतील, असं मला वाटत होतं. त्यांनी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कप खाली ठेवून निघाल्या. लग्नाला त्या आल्या. मंडपाच्या कडेला उभ्या राहिल्या, जेवल्या नाहीत. त्यानंतर दोन-अडीच महिने साप्ताहिकातली ती चौकट नव्हती, तिथे केसांच्या तेलाची जाहिरात यायची, असं मला आईने पत्रातून कळवलं.

माझ्या संसाराबद्दल तक्रार करावी असं काही नाही. ह्यांनी माझ्यावर हात टाकला नाही, घालूनपाडून बोलले नाहीत. मुलगी शशी मला लगेच आई म्हणू लागली, तान्ह्याला तर दुसरी आई ठाऊकच नव्हती. मी दहावीची पुस्तकं बरोबर नेली होती. ती पेटीच्या तळाशी गेली, मग पेटीत हिवाळ्याची पांघरुणं आली... इतकंच झालं. वर्षभराने बाईंचं पहिलं कार्ड आलं. क्षेमकुशल नाही, आशीर्वाद नाही. एका नव्या नाटकाचं नाव आणि खाली चार ओळी. 'बायकोचं मन कशात आहे हे ज्याने कधी विचारलं नाही, अशा सज्जन माणसाचं हे नाटक आहे. जमल्यास दोघांनी पाहावे.' कार्ड उघडंच असल्यामुळे ह्यांनी ते आधी वाचलं आणि माझ्या हातात देत म्हणाले, "तुझ्या बाईंचं नाटक आलंय." त्यात टोमणा नव्हता. विचारलं तेव्हा म्हणाले, पुढच्या खेपेला बघू. त्यानंतर जवळजवळ दर महिन्याला कार्ड येत राहिलं. जातीबाहेर लग्न करणाऱ्या मास्तरांचं नाटक, गिरणीत बोटं गेलेल्या कामगाराचं, वेड्या ठरवलेल्या सुनेचं. त्यांतलं एकही मी पाहिलं नाही. भुसावळ गाडीने काही तासांवर आहे.

मग राज्यांची नवी मांडणी झाली. आमची राजधानी नागपूर होती ती भोपाळ झाली, आणि तापीचं तेच पाणी खाली जिथे जातं तो खानदेश दुसऱ्या राज्यात राहिला. गावात कुणी कुणाशी भांडलं नाही. शाळेत पहिलीच्या वर्गाला मराठीत नाव घालायला फक्त पाच मुली आल्या, दुसऱ्या वर्षी दोन. लोक म्हणायचे, पोरांना नोकरी करायचीय बाई, कचेरीची भाषा शिकू द्या. आणि ते खरंच होतं. बाईंना शिवणाचा तास दिला. नाटक मंडळ्या येईनाशा झाल्या, कारण पत्रं टाकणारी समितीच उरली नव्हती. साप्ताहिक हिंदीत निघू लागलं. नवे संपादक बाईंकडे येऊन अदबीने म्हणाले, "बाईजी, नाटक अब कौन देखता है, आप फिल्मों पर लिखिए ना." बाई नाही म्हणाल्या. माझी कार्डं दोन महिन्यांनी, मग चार महिन्यांनी येऊ लागली. शेवटच्या काहींवर एक ओळ जास्त असायची: 'हे मी पाहिलेले नाही, नुसते वाचले आहे.'

मागच्या हिवाळ्यात धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी बुऱ्हाणपूरला गेले तेव्हा त्यांना भेटले. दम्याने त्यांना जिना उतरता येत नव्हता, बसूनच झोपायच्या. मी शेगडीवर पाणी तापवून दिलं. खालून अत्तराचा वास येत होता आणि त्याने त्यांना आणखी खोकला येत होता. खोली बदला म्हटलं, तर नुसता हात हलवला. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं. "बाई, तुम्ही एवढी नाटकं सांगितलीत. कुणाचं काही बदललं का हो?"

त्यांनी मागे उशीला टेकून श्वास घेतला. मला वाटलं दम लागलाय.

"एकाचं बदललं," त्या म्हणाल्या. "तुझ्या वडिलांचं. अडून बसले होते बिचारे. मी ते नाटक आणलं नसतं तर कदाचित अडूनच राहिले असते."

"असं कसं म्हणता, बाई."

"असंच आहे, कुसुम. माणूस तिथे बसून रडतो आणि त्याला वाटतं आपलं देणं फिटलं. मी मागे उभी राहून वीस वर्षं बघितलंय."

"मग मला कार्डं कशाला पाठवलीत?"

"दुसरं काय पाठवू शकत होते?" एवढं बोलून त्यांनी पाण्याचं भांडं तोंडाशी नेलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तो गरम होता. ती आमची शेवटची भेट.

सखारामभाऊंकडून कळल्यावर तीन आठवड्यांनी मला जायला मिळालं. पुतण्या येऊन सगळं आवरून गेला होता. खोलीत एक शिंपी बसला होता, त्याचं मशीन खिडकीपाशी. नाटकांची पुस्तकं पुतण्याने शाळेला देऊ केली होती. शाळेने जागा नाही म्हणून सांगितलं, ग्रंथालयाने कपाटं नव्या पुस्तकांसाठी लागणार आहेत म्हणून सांगितलं. मग ती रद्दीत गेली. अत्तरवाल्या चाचांनी पुड्या बांधायला थोडी ठेवून घेतली होती. त्यांनी गल्ल्याखाली हात घालून एक पुस्तक काढलं, त्याची सुरुवातीची पानं फाटलेली. "ले जाओ बेटी. बाई बड़ी अच्छी थीं, कभी ज़ोर से नहीं बोलीं." नाटकाचं नाव त्या फाटलेल्या पानांबरोबरच गेलं आहे. या पुरवणीच्या संपादकांनी बाईंवर लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांनी सुचवलेल्या एखाद्या नाटकाबद्दल लिहावं असं मनात होतं. पण मी पाहिलेलं नाटक एकच, आणि हातात आहे ते हे बिननावाचं.

शशी आता सतरा वर्षांची आहे. वैशाखात तिचं लग्न ठरलंय. मुलगा बरा आहे असं म्हणतात. निदान मॅट्रिक होऊ दे, असं मी ह्यांना एकदा म्हटलं. ते म्हणाले, "तू तरी कुठे झालीस? काही अडलं का?" हे त्यांनी खरोखर विचारलं होतं.

परवा दुपारी ती स्वयंपाकघरात ते पुस्तक घेऊन बसली. तिची शाळा हिंदीची, घरात मराठी बोलते पण वाचताना बोट ठेवून वाचते. धड्यासारखं एका सुरात वाचत होती. कुणी मुलगी आपल्या बापाशी बोलते आहे, असा काही प्रवेश होता. वाचता वाचता थांबली.

"आई, 'नकार' म्हणजे इन्कारच ना?"

"हो," मी म्हटलं.

"इम्तिहानमध्ये आलं तर?"

"नाही येणार."

ती पुढे वाचू लागली. मी कणीक मळत होते.