पडद्याआडचं सायन्स

बाळांनो,

थोरलीने पत्रात विचारलं आहे की मूल पदरात असताना आणि तिशी जवळ आलेली असताना पुन्हा परीक्षांच्या मागे लागावं, की एखादा सोपा कोर्स करून मोकळं व्हावं. सल्ला मी देणार नाही. माझ्या बाबतीत काय झालं ते क्रमाने सांगते. निकाल तुम्हाला माहीत आहे. माझ्या दवाखान्याची पाटी तुम्ही पाहिलेली आहे. पण तेव्हा तो मला माहीत नव्हता, एवढं वाचताना लक्षात असू द्या.

आमचं घर वाशीम गावात, शेती अनसिंगकडे. घरात गोषा होता. बायकांनी परक्या पुरुषाच्या दृष्टीला पडायचं नाही. बाहेर जायचं तर चारी बाजूंनी पडदे सोडलेल्या छकड्यातून. सासऱ्यांशी, म्हणजे मामाजींशी, सुनेने बोलायचं नाही. ते ओसरीवर बसत, मी माजघराच्या दाराआड उभी, आणि मध्ये उंबऱ्यावर माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. मामाजी म्हणत, "तिले इचारा." मी कुजबुजत असे. मग आत्याबाई मोठ्याने सांगत, "थे म्हन्ते..." माझी कुजबूज मामाजींना चांगली ऐकू जाई, पण ती ऐकली असं धरायचं नसे. आत्याबाई सांगतील तेच माझं म्हणणं. तुमचे आजोबा वडिलांसमोर बायकोबद्दल चकार शब्द काढत नसत, तशी रीतच नव्हती. म्हणजे माझं जे काही मामाजींपर्यंत पोचायचं, ते त्या एका तोंडातून.

माझी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दिवस भरायच्या आधीच तिला रक्त जाऊ लागलं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. ते ओसरीवर मामाजींच्या शेजारी बसले, नणंद आत खाटेवर, आत्याबाई दारात. डॉक्टरांनी विचारलं, अंगावरून काही जातं का. आत्याबाईंनी आत पाहिलं, मग मामाजींकडे पाहिलं. नवऱ्यासमोर आणि परक्या माणसासमोर तो शब्द त्यांच्या तोंडून निघेना. "नाई," त्या म्हणाल्या, "जराशी कणकण हाय." डॉक्टर तापाच्या पुड्या देऊन गेले. नणंद दोन दिवसांत गेली. घरात त्यानंतर याबद्दल कोणी कधी बोललं नाही.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि तुमची आई नुकती चालायला लागली होती. मी तुमच्या आजोबांना सांगितलं की मला डॉक्टर व्हायचं आहे. ते म्हणाले, बाबा हो म्हणाले तर मी आहेच. बाबा नाही म्हणाले तर ते कुठे असतील, हे मी विचारलं नाही.

अडचण दुहेरी होती. लग्नाआधी अमरावतीला मी मॅट्रिक झाले होते, इंग्रजीत पहिली. पण वडिलांनी मला सायन्सऐवजी संस्कृत घ्यायला लावलं होतं. चुलीजवळ धूर कमी आहे का, की शाळेत जाऊन आणखी करायचा, असा त्यांचा विनोद असे. नागपूरच्या मेडिकल शाळेला सायन्स हवं होतं. म्हणजे हायस्कुलात पोरांबरोबर बसून पुन्हा परीक्षा. दुसरा रस्ता सरळ होता. एका मिशनच्या दवाखान्यात सुइणीचं आणि नर्सचं शिक्षण मिळे. सगळ्या बायकाच, सायन्सची अट नाही, आणि मामाजींच्या ओळखीतून तिथल्या मडमेने माझ्यासाठी एक जागा राखून ठेवली होती.

लेक गेल्यापासून मामाजी फार बोलत नसत. त्यांनी हायस्कुलाला नाही म्हटलं नाही. आत्याबाईंकरवी एवढंच सांगितलं की वर्गात पडदा असेल तर जा. जमलं नाही तर मिशन आहेच. हेडमास्तरांनी ते मान्य केलं. सायन्सच्या खोलीत मागच्या कोपऱ्यात दोरी बांधून जाड चादर टांगली, मागे एक स्टूल ठेवलं. छकडा शाळेच्या मागच्या दाराशी लागे. मी उतरून चादरीमागे बसे, तास संपला की पुन्हा छकड्यात.

मुलं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मला ती काकू म्हणत, पण माझ्याशी बोलत नसत; चादरीशी बोलत. मास्तरांनी समजलं का असं विचारलं की कोणीतरी म्हणे, "आमाले समजलं, सर, पडद्याले इचारा." वर्ग हसे. मी मागे बसून लिहून घेई. व्याख्या, सूत्रं, नियम मला चटकन पाठ होत. प्रयोग मात्र कानांनीच शिकायचे. पुढे टेबलाशी काही ओतलं जाई, मुलं म्हणत, निळं झालं, आणि मी लिही, निळं झालं. पुस्तकी उत्तरांत मला सगळ्यांपेक्षा जास्त मार्क मिळू लागले आणि माझी खात्री झाली की हे असंच पार पडेल.

सायन्सचे मास्तर मुसलमान होते, गावातल्याच एका किराणा व्यापाऱ्याचे चिरंजीव. एका शुक्रवारी त्यांनी मुलांना बाहेर पाठवलं, छकडेवाल्याला दाराशी उभं केलं आणि चादरीखालून दोन काचनळ्या माझ्याकडे सरकवल्या. म्हणाले, एकीत नुसतं मोरचुदाचं पाणी आहे, दुसरीत त्यातच अमोनिया घातलेला आहे. कोणती कोणती ते सांगा.

दोन्ही निळ्या होत्या. एक गर्द, एक फिकी. माझ्या वहीत दोन्हीकडे निळं एवढंच होतं. मी अंदाजाने सांगितलं आणि ते चुकलं. मग त्यांनी लिटमसचा कागद आणि एक पेला दिला. कागदाचं कोणतं टोक बुडवायचं, किती वेळ ठेवायचं, मला काही ठाऊक नव्हतं. कागद बुडवायला गेले तो पेलाच लवंडला.

मास्तरांनी चादरीखालून पेला ओढून घेतला. मग म्हणाले, "बाई, पडदा माझ्या घरीही आहे, म्हणून बोलतो. मेडिकल शाळेत मुडदा कोणी तोंडी सांगत नाही. तो बघावा लागतो, आणि शेजारी मुलगे उभे असतात. पडद्यातच राहायचं असेल तर मिशनमध्ये जा. तेही खुदाचंच काम आहे. पण माझ्याकडे शिकायचं असेल तर उद्या टेबलाजवळ या. नाहीतर येऊ नका."

छकड्यातून घरी येताना मी मनात दोन्ही बाजू मांडत होते. मडमेला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. मिशन म्हणजे घर राहील, मान राहील, तुमची आई जवळ राहील, हाताला कामही मिळेल. पण अडलेल्या बाईचं पोट फाडायची वेळ आली की नर्सला बाजूला होऊन डॉक्टरला बोलवावं लागतं, आणि डॉक्टर येऊन ओसरीवर बसतो.

संध्याकाळी मामाजी जेवायला बसले. आत्याबाई वाढत होत्या, मी दाराआड. मामाजींनीच विषय काढला.

"तिले म्हना, नर्सबाईचं काम काय वाईट हाय? बायाच बाया. सोमवारी मडमले हो म्हनून कळवतो."

मी आत्याबाईंच्या कानाशी लागले. म्हटलं, त्यांना सांगा, मला डॉक्टरकीच करायची आहे, आणि उद्यापासून शाळेत चादरीबाहेर बसावं लागेल.

आत्याबाईंच्या हातात वरणाची वाटी होती. ती त्यांनी खाली ठेवली. मामाजींनी भाकरीचा घास हातातच धरला.

"काय म्हन्ते थे?"

"मी नाई सांगत," आत्याबाई म्हणाल्या. मामाजींना त्यांनी असं उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट खोल गेला होता. "माह्या तोंडानं एक डाव डॉक्टरले सांगतलं होतं. माही पोर गेली. आता हिचं हेच सांगन, आपल्या तोंडानं."

त्या उठून चुलीकडे गेल्या. उंबरा रिकामा झाला. मध्ये कोणी उरलं नाही. मामाजी ताटाकडे बघत होते. मी गप्प राहिले असते तर ते हात धुऊन उठले असते आणि सोमवारी मडमेला हो गेलं असतं. मी दाराची कडी धरली.

"मामाजी," मी म्हटलं. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना हाक मारत होते. "मला डॉक्टर व्हायचं आहे. ते पडद्याआडून शिकता येत नाही."

त्यांनी वर पाहिलं नाही. हातातला घास ताटात ठेवला आणि रिकाम्या उंबऱ्याकडे बघून, जणू आत्याबाई अजून तिथेच आहेत असं, म्हणाले, "तिले म्हना, छकडा पडद्याचा हाय. पडद्याबाहेर बसनारीसाठी थो जुपला जानार नाई. जायाचं त पायी जाव." थोडं थांबून म्हणाले, "मडमले नाई म्हनून कळवतो."

मग हात धुतले आणि उठले. पान अर्धं तसंच होतं.

सकाळी आत्याबाईंनी तुमच्या आईला कडेवर घेतलं. मी मागच्या दाराने निघाले, डोक्यावर पदर, हातात वही. पहिल्या वळणापर्यंत नीट गेले. तिथे माझ्या लक्षात आलं की मला रस्ता माहीत नाही. इतके महिने मी रोज शाळेत जात होते, पण पडद्यातून. मला ठाऊक होतं ते एवढंच की छकडा आधी उजवीकडे कलतो, मग तेलाच्या घाण्याचा वास येतो, मग दगडांवरून खडखडतो. उभ्याने पाहिलं तर उजवीकडे दोन गल्ल्या फुटत होत्या आणि वास कुठूनच येत नव्हता.

बाया पाणी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबून बघू लागल्या. परत फिरले असते तर घर दिसत होतं. आणि घरी गेले असते तर पुन्हा कोणी विचारलं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. मडमेलाही आता नाहीच जाणार होतं. पुढे एका दुकानाची फळी एक म्हातारा कासार उघडत होता. त्याच्यापाशी जाऊन मी विचारलं, हायस्कूल कोणत्या बाजूला आहे.

त्याने माझ्या कपाळापासून पायापर्यंत पाहिलं. "पोराले भेटाले चालल्या का, बाई?"

"नाही," मी म्हटलं. "मीच शिकते तिथं."

त्याला काही ते पटलं नसावं. पण फळी खाली ठेवून तो रस्त्यात आला, त्या दोन गल्ल्यांतल्या डावीकडच्या गल्लीकडे बोट केलं आणि म्हणाला, "मंग जल्दी जा. घंटा व्हाची वेळ झाली."

मी नऊवारीचा घोळ हातात धरला आणि सगळ्यांच्या देखत पळत सुटले.