भांडायला या

आमच्या नेरूळच्या बिल्डिंगमध्ये कुणी शिंकलं तरी कांबळे सिस्टर दारात हजर. "चला सरकारी दवाखान्यात. अन् तिथं गप बसू नका, भांडा!" सिस्टर मूळच्या परभणीकडच्या. मुंबईच्या सरकारी इस्पितळात उभी हयात काढून रिटायर झालेल्या. अशा बाईने लोकांना सरकारी दवाखान्याशीच भांडायला धाडावं, याचं मला आधी हसू यायचं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "गरीब मानूस हात जोडून उभा ऱ्हातो. त्याला कोन इचारतंय? नोकरदार मानूस रांगेत असला की तो साहेबाला जाऊन झापतो, मग नळाला पानी येतं. अन् ते समद्यालाच येतं. बोलनारी मान्सं रांगेत पायजेत."

मी शाळेत शिक्षिका. आवाज खणखणीत आणि स्वभाव भांडकुदळ, त्यामुळे त्यांची लाडकी. माझ्या मुलीला कावीळ झाली तेव्हा ओपीडीतला पंखा बंद होता. सिस्टरांनी मला कोपराने ढोसलं, "शुभे, सुरू कर." मी असा काही आवाज लावला की दुपारच्या आत पंखा फिरू लागला. सिस्टर बाकावर बसून लेकीचं लग्न लागल्यासारख्या हसत होत्या.

मग ह्यांच्या कंपनीने मेडिक्लेम काढून दिला. सेक्टरासेक्टरांत नर्सिंग होम उघडली. एकेक बिऱ्हाड सरकारी रांगेतून गुपचूप निघून गेलं, त्यात आमचंही. सिस्टर विचारायच्या, "पोरीला कुठं दाखवलं?" मी "इथंच, जवळ" असं पुटपुटून दार लोटायची. लाज वाटायची, पण पावलं नर्सिंग होमकडेच वळायची. मग त्या जिन्यातून ऐकवायच्या, "सरकार खर्चाला हात आखडतं म्हनून तुमी पळता. अन् तुमी पळाले की सरकारला बरंच, हात आनखी आखडायला मोकळं!"

एका सकाळी सिस्टरांच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे होते. त्यांचा मुलगा मिलिंद गांगरून मला बोलवायला आला. "मला आपल्या दवाखान्यात न्या," सिस्टर विव्हळत होत्या. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "सिस्टर, तिथे आता कोण बघतंय?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. आम्ही त्यांना चकाचक खासगी हॉस्पिटलात नेलं.

ऑपरेशन उत्तम झालं. खोली गार, नर्सेस गोड बोलणाऱ्या. मी भेटायला गेले, तर सिस्टरांनी चादर तोंडावर ओढून घेतलेली. "शुभे, मी हितं हाय ते कुनाला सांगू नको. माझ्या पोरींच्या कानावर जाईल." पोरी म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नर्सेस. कुठल्या डॉक्टरपुढेही कधी मान खाली न घालणारी बाई चोरी पकडल्यासारखी बोलत होती. ती चोरी मी करायला लावली होती.

टाके काढायला मात्र त्या हट्टाने सरकारी ओपीडीत गेल्या. सोबतीला मी. पंखा पुन्हा बंद होता. बाकावर घामाघूम बायका बसल्या होत्या, एक बाळंतीण तान्ह्याला पदराने वारा घालत होती. कुणाच्या तोंडून ब्र नाही.

आत टाके काढायला नेमकी त्यांच्याच हाताखालची, मुंबईहून इथे आलेली नर्स निघाली. तिने वाकून पाहिलं. "मॅडम, हे टाके कुठले?"

"भाईरचे," सिस्टर भिंतीकडे बघत म्हणाल्या. तिने चिमटा उचलला. जपून एकेक टाका काढत राहिली.

बाहेर आल्यावर सिस्टर त्या पंख्याखाली थांबल्या. त्यांनी वर पाहिलं. आता कोपर लागणार, असं मला वाटलं आणि मी घसा साफ केला. पण त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"ऱ्हाऊ दे, शुभे. आपन आता कोनत्या तोंडानं भांडायचं?"

आम्ही रांगेतल्याच आहोत असं समजून ती बाळंतीण जरा सरकली आणि तिने आम्हाला बाकावर जागा करून दिली. आम्ही बसलो नाही.