जावेकडे बोलणारी लेक

माझी आठ वर्षांची लेक घरात बोलायची नाही, शाळेतही नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, दिवाळीनंतर हिला मंदबुद्धी मुलांच्या शाळेत घाला. सत्तरच्या दशकात नागपुरात मुलांच्या मनाचे डॉक्टर शोधावे लागत. सापडले, ते म्हणाले, "एकट्या आईचं ऐकून मी ठरवणार नाही. शाळेतल्या बाईंना आणा. आणि तिचे वडील म्हणतात ती जिच्याकडे रमते, तिलाही."

रमते म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोटात वाढवली मी, आणि तिच्याबद्दल सांगणार कोण, तर सक्करदऱ्याला वेगळी राहणारी माझी थोरली जाऊ!

बाई म्हणाल्या, मान खाली घालून बसते, पण लिहिते अगदी बरोबर. मग जाऊ पदर सावरत म्हणाली, "माह्याकडे तं बोलून बोलून डोकं खाते, डॉक्टरसाहेब! भुलाबाईची गाणी सारी पाठ. खिरापतीचा बंद डबा वाजवला का आत काय हाय ते पहिले हेच ओळखते."

मला वाटलं, खोटं बोलते. मग वाटलं, खरं असलं तर? ते जास्त झोंबलं.

डॉक्टरांनी शाळेला कळवलं, मुलगी मंद नाही, तिचं नाव पटावरून काढू नका. मला म्हणाले, कोजागिरीपर्यंत जावेकडे भुलाबाई आहेत, तोवर तिला रोज तिकडे पाठवा. लेक वाचली म्हणून मी देवापुढे साखर ठेवली. पण वाचवली जावेनं, हे काही घशाखाली उतरेना.

पहिल्याच दिवशी मी खिरापतीला चकल्या केल्या. डबा लेकीपुढे वाजवून म्हणाले, "ओळख बरं!" तिनं डब्याला कान लावला. "चकल्या वं, येडे!" म्हणत मी तिला रिक्षात बसवलं.

तिला आत सोडून मी जावेच्या दाराबाहेरच थांबले. पोरींची गाणी संपली, डबा वाजला.

"चकल्या!"

माझ्या लेकीचा आवाज, खणखणीत. किती दिवसांनी ऐकला, आणि तोही दुसरीच्या दाराआडून.

"कसं ओळखलं वं?" एका पोरीनं विचारलं.

"घरीच ओळखलं होतं. पण आई इचारते अन् आपणच सांगून टाकते."

पोरी हसल्या. जाऊ हसली नाही, तिला नवलही वाटलं नाही. "बरं, उघडा आता डबा," एवढंच म्हणाली. म्हणजे तिला हे आधीपासून ठाऊक होतं, आणि डॉक्टरांपुढे माझी लाज राखायला तिनं नेमकं तेवढंच गाळलं होतं. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.