म्हाकुलांच्या घरी जाईबाई

जाईबाईनं आयुष्यात जितके मासे पाहिले तितके रत्नागिरीत फार थोड्या माणसांनी पाहिले असतील. पण त्यातला एकही जिवंत नव्हता.

मिरकरवाडा बंदरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका मासळीच्या कंपनीत ती एकतीस वर्षं कामाला होती. पायात गमबूट, हातात रबरी मोजे, डोक्यावर जाळीची टोपी आणि समोर स्टीलच्या लांबलचक टेबलावर बर्फात निजलेली म्हाकुलं, इंग्रजीत ज्यांना स्क्विड म्हणतात ती. डाव्या हातानं धड धरायचं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी मुंडी पकडून अलगद ओढायची, म्हणजे आतडी, शाईची पिशवी सगळं एका झटक्यात बाहेर येतं. मग पाठीतली प्लास्टिकच्या पट्टीसारखी काडी उपसायची, कातडी सोलायची, की झालं म्हाकूल पांढरंशुभ्र. शाईची पिशवी फुटली तर माल काळा, आणि मागोमाग सुपरवायझरचं तोंडही काळं. जाईबाईच्या हातून पिशवी फुटल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं. तिनं साफ केलेली म्हाकुलं खोक्यांत बसून सातासमुद्रापलीकडे जायची. आपण हातखंब्याच्या पुढं जात नाही आणि ही मेली विलायतेला जातात, असं ती म्हणायची.

हातखंब्याच्या आत तिचं गाव. समुद्र तिथून वीस-बावीस किलोमीटरवर, पण गावाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. समुद्र कोळ्यांचा, खारव्यांचा. आपलं भात आणि नाचणी, अशी वाटणी आजोबा-पणजोबांपासून ठरलेली. लग्नानंतर नवरा काशीराम तिला एकदा गणपतीपुळ्याला घेऊन गेला होता. घोटाभर पाण्यात ती उभी राहिली, लाट आली आणि उजव्या पायातली चप्पल घेऊन गेली. तेव्हापासून जाईबाई आणि समुद्र यांचं बोलणं बंद होतं.

मुलगा अमरदीप मात्र समुद्राच्या वाटेनं गेला. स्वयंपाकाचं शिक्षण घेऊन तो परदेशी प्रवासी बोटींवर लागला, दहा वर्षं बोटींवर काढली आणि शेवटी कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस नावाच्या बेटावर एका हॉटेलात आचारी म्हणून टिकला. काशीरामला त्या बेटाची माहिती एवढीच, की तिथं आपण वर्ल्ड कप जिंकलो. अमरदीपनं दोघांना बोलावलं तेव्हा काशीरामनं आधी उत्साहानं चौकशी केली. पण विमानात सलग नऊ तास विडी ओढता येत नाही हे कळल्यावर त्याला अचानक भाताची लावणी आठवली, शेळ्या आठवल्या, आणि आपण गेलो तर काजूच्या झाडांकडे कोण बघणार हा प्रश्नही पडला. जाईबाईनं त्याला फार समजावलं नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणून कंपनीही बंद. लावणी यंदा तुम्ही करा, असं सांगून ती मुंबईहून विमानात बसली.

बार्बाडोसला पोचल्यावर पहिले आठ दिवस तिनं अमरदीपची खोली घासूनपुसून काढण्यात घालवले. नवव्या दिवशी तो तिला मासळी बाजारात घेऊन गेला. तिथं एक बाई उडणारे मासे कापत होती. जाईबाई पाच मिनिटं बघत राहिली, मग न राहवून पुढं झाली आणि तिच्या हातातली सुरी घेऊन तिला सुरी कशी धरायची ते दाखवू लागली. ती बाई आधी चमकली आणि मग तिनं शांतपणे एक मासा असा काही सोलला, की सगळे काटे एका ओळीत बाहेर आले. जाईबाईनं सुरी परत केली. इथल्या बायकांना येतं काम, असं तिनं घरी फोन करून काशीरामला कळवलं.

अमरदीपला आठवड्यातून एक सुट्टी मिळायची. त्या दिवशी त्यानं आईला कॅटमरानच्या सहलीला न्यायचं ठरवलं. हॉटेलच्या नोकरांना त्यात सवलत होती. दिवसभर शिडाच्या बोटीतून फिरायचं, दोन ठिकाणी बोट थांबते तिथं ज्याला हवं त्यानं पाण्यात उतरून मासे बघायचे आणि बोटीवरच जेवायचं. कपड्यांवरून थोडी वादावादी झाली. शेवटी अमरदीपची ट्रॅक पँट, त्याच्या हॉटेलचं नाव छातीवर असलेला पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि कमरेला ओढणी, असा तोडगा निघाला. मंगळसूत्र तिनं टी-शर्टाच्या आत टाकलं आणि पिशवीत आवळासुपारी घेतली, बोट लागू नये म्हणून.

कॅटमरान म्हणजे दोन लांबट होड्या शेजारी शेजारी ठेवून वर अंगण घातल्यासारखी बोट. पुढच्या बाजूला दोन्ही होड्यांच्या मधे जाळं ताणून बांधलेलं, आणि त्या जाळ्यात गोरी माणसं उन्हात पसरली होती. खालून निळं पाणी सरसरत जात होतं. जाळ्यात माणसं आणि खाली मासे मोकळे, हे बघून जाईबाई मनाशीच हसली आणि सावलीतल्या बाकावर जाऊन बसली.

अर्ध्या तासानं एका खाडीत बोट थांबली. पाण्यात न्यायचं काम डॉरीन नावाच्या बाईकडे होतं. डॉरीन पन्नाशीची, अंगानं ऐसपैस, डोक्याला पिवळा रुमाल बांधलेली. ती एकेकाला काचेचा चष्मा आणि श्वास घ्यायची वाकडी नळी देत होती, नारिंगी जाकीट चढवत होती आणि शिडीवरून खाली सोडत होती. होता होता ती या दोघांपाशी आली. अमरदीपनं तिला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगत होता. मधेच तो आईकडे बोट दाखवायचा आणि मान हलवायचा.

जाईबाईला इंग्रजी येत नव्हतं. पण कंपनीत परदेशी गिऱ्हाईकं माल बघायला यायची, त्यांच्यासमोर उभं राहून राहून दोनचार शब्द कानाला चिकटले होते. या बोलण्यात 'मदर' पाचसहा वेळा आलं, आणि दर वेळी त्याच्या मागं 'नो' होतं.

"काय सांगतंस तिला?" तिनं विचारलं.

"काय नाय. तुला भीती वाटते म्हटलं. मी थांबतो तुझ्यासोबत. तुला एकटीला टाकून कसा जाऊ?"

जाईबाईनं त्याच्याकडे बघितलं. तो लांब क्षितिजाकडे बघत होता. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. पाचवीत गणिताचा पेपर हरवला असं सांगताना पोरानं असंच परसातल्या फणसाकडे बघितलं होतं.

"अमर, तुला पवता येता काय?"

पोहण्याचं नाव निघताच त्यानं बाकाची कड धरली. मग म्हणाला, "दहा वर्षं मी बोटीच्या पोटात कांदे चिरत होतो, आये. तिथं खिडकीसुद्धा नव्हती."

दहा वर्षं पोरगा दर्यावर आहे म्हणून जाईबाईनं गावभर सांगितलं होतं. वादळाच्या बातम्या आल्या की तिला झोप लागायची नाही. आणि इकडे हा समुद्राला बोटसुद्धा न लावता दहा वर्षं काढून आला होता, वर स्वतःची भीती आईच्या नावावर खपवत होता. तिला हसू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की जाईबाई काहीतरी करून बसायची.

ती उठली, कमरेची ओढणी घट्ट केली आणि डॉरीनपुढं उभी राहिली.

"मदर येस," ती म्हणाली.

शिडीच्या शेवटच्या पायरीवर तिला आपण काय बोलून बसलो ते कळलं. पण तोवर डॉरीननं तिचा हात धरला होता, आणि वरून अमरदीप बघत होता. जाईबाईनं पाय सोडले. पाणी बर्फासारखं असेल असं तिनं धरलं होतं. समुद्राचं म्हणून जे काही तिच्या हाताला आजवर लागलं ते गारठलेलंच होतं. हे पाणी कोमट निघालं. जाकिटानं तिला वर उचललं. तिनं तोंड पाण्यात घातलं आणि सवयीनं नाकानं श्वास घ्यायला गेली. चष्म्याच्या आत नाक बंद. मग घाबरून तोंड उघडलं, नळी सुटली आणि खारट पाणी घशात गेलं. तिनं डॉरीनच्या गळ्याला अशी मिठी मारली की दोघी बुडायच्या बेतात आल्या. खोकून झाल्यावर जाईबाईनं मराठीत तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. डॉरीनला त्यातलं काही कळलं नाही, पण सूर कळला असावा. ती एवढी खदखदून हसली की जाईबाईलाही हसू फुटलं. मग डॉरीननं नळी परत तिच्या तोंडात दिली, स्वतःचे गाल फुगवून श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं आणि तिचं डोकं हलक्या हातानं खाली केलं.

खाली लख्ख ऊन होतं. जाईबाईच्या हनुवटीखालून पिवळेधमक, काळ्या पट्ट्यांचे मासे शाळा सुटल्यासारखे चालले होते. सवयीप्रमाणे तिच्या डोक्यात आधी हिशोब सुरू झाला: याला काटे फार असणार, तो जाडा निळा तळायला बरा, त्या चपट्याचं तिखलं. पण मासे काही टेबलावरच्यासारखे एका जागी पडून राहिनात. एखाद्याचा रस्सा ठरवावा तोवर तो खडकाच्या फटीत शिरून दुसऱ्या बाजूनं तोंड बाहेर काढायचा. एक हिरवट मोठा मासा दगडाला तोंड लावून काहीतरी खात होता, आणि ते कुरूम कुरूम तिला चक्क ऐकू येत होतं. चणे खाणारा मासा तिनं जन्मात पाहिला नव्हता. "अगो बाय," ती नळीतून म्हणाली, आणि वर बोटीवर उभ्या असलेल्या लोकांना शंख वाजल्यासारखं ऐकू आलं.

मग डॉरीननं तिचा हात दाबला आणि समोर बोट दाखवलं.

सात म्हाकुलं होती. वीतभर लांबीची, एका ओळीत, पाण्यात अधांतरी. जाईबाईला ती आधी ओळखूच आली नाहीत. मग ओळख पटली. अंगाच्या दोन्ही बाजूंना झालर होती आणि ती वाऱ्यावर लुगड्याचा काठ हलावा तशी हळूहळू हलत होती. अंगावर रंग येत होते आणि जात होते: तपकिरी, मग चंदेरी, मग पोपटाच्या पिसासारखी हिरवी झाक. पांढरंफेक म्हाकूल ती झोपेतसुद्धा ओळखायची. पण हे रंग बर्फापर्यंत कधी पोचलेच नव्हते. आणि डोळे. मुंडीबरोबर ओढून टाकायचे म्हणून तिनं ते कधी नीट बघितले नव्हते. ते मोठे, गोल, शहाणे डोळे होते, आणि सातही जणी तिच्याकडे बघत होत्या.

जाईबाईनं हात पुढं केला. तिला फक्त जवळून बघायचं होतं. पण हाताला काय ठाऊक. त्याची दोन बोटं आपोआप वाकली, मुंडी धरायला वाकतात तशी. त्याच क्षणी सातही म्हाकुलं काळवंडली आणि सपकन मागं गेली. जिथं ती होती तिथं पाण्यात शाईचा एक लहानसा ढग राहिला.

ओळखलं मला, असं जाईबाईला वाटलं. एवढा समुद्र ओलांडून आले, एवढे कपडे बदलले, तरी ओळखलं. तिनं हात मागं घेतला आणि दोन्ही हात पाठीशी बांधून, देवळात उभी राहावी तशी ती पाण्यावर पडून राहिली. थोड्या वेळानं म्हाकुलं परत आली, जरा लांबच थांबली. जाईबाई हलली नाही. डॉरीननं दोनदा वर चलायची खूण केली तेव्हा कुठं ती निघाली.

वर आल्यावर तिनं अमरदीपला डॉरीनला विचारायला सांगितलं, की म्हाकुलं मागं मागं का जातात. डॉरीन म्हणाली, समोरच्याकडे बघत बघत मागं जाता येतं त्यांना, नजर सोडत नाहीत. जाईबाईला ते पटलं. काही माणसांकडे पाठ न केलेली बरी, ती म्हणाली. मग तिनं चष्मा आणि नळी मुलाच्या हातात ठेवली.

"उतर आता."

"आये, मला नको."

"मी हात धरते. म्हाकुलांकडे बघायचा, पाण्याकडे नाय."

बत्तीस वर्षांचा अमरदीप एका बाजूनं आईचा आणि दुसऱ्या बाजूनं डॉरीनचा हात धरून शिडी उतरला. पहिली पाच मिनिटं त्यानं डोळे मिटूनच घेतले होते, हे त्यानं पुढं बऱ्याच दिवसांनी कबूल केलं. जेवणात तळलेला मासा होता. जाईबाईला कडकडून भूक लागली होती. तिनं दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागितला.

ऑगस्टात कंपनी सुरू झाली. पहिल्या दिवशी सगळ्या बायका तिच्याभोवती जमल्या. विमान कसं होतं, गोऱ्या बायका काय घालतात. जाईबाईला सांगायचं होतं ते वेगळंच. तिनं बर्फातलं एक म्हाकूल उचललं, तळहातावर आडवं धरलं आणि झालर कशी हलते ते बोटानं दाखवलं. बायका हसल्या. पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसणारी रेणुका हसली नाही. ती वीस वर्षं म्हाकुलंच साफ करत होती. रंग कोणते, डोळे कसे, हे तिनं जाईबाईला दोन-तीनदा परत सांगायला लावलं.

आठवड्याभरानं जाईबाईनं सुपरवायझरकडे कोळंबीच्या टेबलावर बदली मागितली. त्यानं कारण विचारलं. कोळंबीशी माझी अजून ओळख झालेली नाय, असं तिनं सांगितलं. तो बदली करून मोकळा झाला.

मालवणला बोटीतून नेऊन पाण्याखालचं दाखवतात, हे रेणुकानंच शोधून काढलं. डिसेंबरातल्या एका रविवारी नऊ बायका गाडी ठरवून पहाटे निघाल्या. काशीरामही पुढच्या सीटवर बसून आला; तिथं उघड्यावर विडी ओढता येते याची त्यानं आधीच खात्री करून घेतली होती. होडीवाल्यानं नऊ बायका बघितल्या आणि काठावरच बसा, मावशी, ओहोटीची वेळ आहे, असं प्रेमानं सुचवलं. जाईबाईनं त्याच्या हातातला चष्मा काढून घेतला आणि बायकांना समोर बसवून शिकवायला सुरुवात केली: नाक विसरायचं, तोंडानं घ्यायचं, आणि पाण्यात गेल्यावर हात मागं.

जाईबाईचा हात धरून पहिली रेणुका उतरली. तिनंही पाणी गिळलं, जाईबाईच्या गळ्याला मिठी मारली, खोकली. मग नळी दातांत घट्ट धरून परत तोंड खाली घातलं. बाकीच्या बायका होडीच्या काठावरून वाकून विचारत राहिल्या, काय दिसतंय गो, रेणुका, सांग ना. रेणुकानं एकदा मान वर काढली, तोंडातली नळी काढून काहीतरी बोलायला लागली, आणि बोलण्यात वेळ जातोय असं वाटून नळी परत तोंडात घालून खाली गेली.