मास्तर, मेहुणा आणि तळ्यापलीकडचा चेंडू

कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानात जो माणूस गळ्यात टेप घालून जेवतो, टेप घालून पेपर वाचतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मते टेप घालूनच झोपतो, त्याला सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांनी जन्मभर पँटी शिवल्या. पन्नाशी दारात आली तेव्हा कुठे एका जुन्या पुस्तकातल्या आकृत्या बघून ते कोट कापायला शिकले. पुस्तकातला मजकूर परक्या भाषेत, पण मास्तर म्हणायचे, "आकृतीला भाषा लागत नाही." पहिला कोट त्यांनी स्वतःलाच शिवला. तो अंगावर छान बसला, आणि त्याहून घट्ट डोक्यात बसला.

तेव्हापासून एकच ध्यास: लेकीच्या लग्नात जावयाचा कोट आपल्या हातचा हवा. लेकीचं जमलं. मुलगा उंच, खांदे सरळ, म्हणजे शिंप्याला लॉटरीच. मास्तर मनातल्या मनात कापड बेतायला लागले, आणि तेवढ्यात मधे तंगडी घातली मेहुण्याने.

हा मेहुणा मास्तरांच्या बायकोचा, म्हणजे मास्तरीणबाईंचा, धाकटा भाऊ. कंपनीत बडा साहेब, दर रविवारी गोल्फ खेळणारा. पँटी मात्र दरवर्षी मास्तरांकडून गुपचूप सैल करून न्यायच्या आणि खापर फोडायचं धोब्यावर. कापड आटवतो म्हणे!

"भाऊजी, जावयाचा सूट माझ्याकडून," तो म्हणाला. "मोठ्या दुकानातला. पुस्तकात बघून शिवलेला कोट घालून नवरा मुलगा उभा राहिला तर लोक हसतील हो."

"माझ्या कोटाला काय झालंय?"

"काही नाही. पण पुस्तकातून कुठे कोट येतो? उद्या म्हणाल, पुस्तकातून गोल्फसुद्धा येतो."

"न यायला काय झालं?" मास्तर बोलून गेले.

साहेब इतके हसले की पँटीच्या शिवणीने धसका घेतला असेल. तसेच गाडीकडे गेले आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. गोल्फमधल्या एका महान खेळाडूचं ते पुस्तक. त्याचा चेंडू मारायचा झोका, ज्याला स्विंग म्हणतात, तो फोटोवर फोटो लावून समजावलेला. पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. साहेबांचा अभ्यास किती दांडगा, ते त्यावरून समजावं.

"घ्या, शिका. महिन्याभराने मैदानावर या. एक छोटंसं तळं आहे. चेंडू पलीकडे गेला तर जावयाचा सूट तुम्ही शिवा."

मास्तर गळ्यातला टेप चाचपायला लागले. पण आतून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "जाईल पलीकडे! आणि नाही गेला तर सूट तुझा. माझा शब्द आहे." शब्द बायकोचा, जीव नवऱ्याचा टांगणीला.

दुसरा कुणी पुस्तक घेऊन मोकळ्या जागेवर गेला असता. शिंपी कुठे जाणार? गिऱ्हाइकांच्या मोठ्या आरशासमोर! मास्तरांनी पुस्तक आरशाला टेकवून ठेवलं. फोटोतला खेळाडू समोर तोंड करून उभा, आरशातले मास्तरही समोर तोंड करून उभे. कोपराला कोपर, गुडघ्याला गुडघा जुळेपर्यंत ते स्वतःला चिमटत, वळवत, खडूने खुणा करत राहिले. हातात लोखंडी गज, चेंडूच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ. डोकं हलू नये म्हणून छतातून दोरा सोडून नाकासमोर बटण टांगलं. बटण हललं की मास्तरीणबाई शिलाई मशीनमागून ओरडायच्या, "हललं!"

"तू टाके घाल ना."

"टाके घालतेच आहे. पण शब्दही माझाच आहे."

रिळं कपाटाखाली गेली, दिव्यावर आदळली, एक तर माप द्यायला आलेल्या हेडमास्तरांच्या पोटाला लागलं. हेडमास्तर म्हणाले, "आता मापात ही सूजही धरा." पण महिनाअखेरीस चमत्कार झाला. आरशातले मास्तर आणि फोटोतला तो महापुरुष, फरक म्हणून फक्त गळ्यातल्या टेपचा.

ठरल्या दिवशी गल्लीतली निम्मी मंडळी मैदानावर हजर. मास्तर स्वतः शिवलेला कोट घालून आले. साहेबांनी आपली काठी पुढे केली. मास्तर ऐटीत उभे राहिले, खांदा वळला, गुडघा झुकला, आणि साहेब मटकन गवतावर बसले. हसून हसून.

"भाऊजी, उलटे उभे आहात! हे डावखुऱ्याचं उभं राहणं!"

मास्तरांनी काठी पाहिली. चेंडूला लागणारं सपाट तोंड गजाला कुठे असतं? या काठीला मात्र होतं, आणि ते चेंडूकडे पाठ फिरवून बसलं होतं. मग डोक्यात उजेड पडला. महिनाभर त्यांनी फोटो आरशाशी जुळवला होता. आरशात उजव्याचं डावं होतं, हे शिंप्याने विसरावं!

"उजव्या बाजूने मारू का?" ते पुटपुटले, पण त्या बाजूला हातपाय लाकडासारखे झाले. जावयाचा कोट डोळ्यांसमोरून चालायला लागला, थेट मोठ्या दुकानाकडे.

"अहो!" मास्तरीणबाई कडाडल्या. "कॉलर झिजली की काय करता?"

"उलटून लावतो."

"मग उलटा की ती काठी!"

मास्तरांनी मनगटात काठी फिरवली. टोक खाली गेलं, तोंड चेंडूकडे आलं. तोंड कसलं, बोटभर जागा. पण सुईत दोरा ओवणाऱ्याला बोटभर जागा म्हणजे रस्ताच. त्यांनी नाकासमोर नसलेलं बटण आठवलं आणि झोका घेतला. चेंडू वर गेलाच नाही. सरपटत निघाला, पाण्यावर टप्पा घेतला, आणखी एक घेतला, आणि पलीकडच्या चिखलात जाऊन रुतला.

"हे धरायचं नाही!" साहेब उठून उभे राहिले. "चेंडू ओला झाला!"

"पलीकडे जायचं ठरलं होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ओला की कोरडा, ते नव्हतं ठरलं. आणि फार बोलू नकोस, तुझी पँट मागून उसवली आहे."

साहेबांचे दोन्ही हात मागे गेले आणि वाद तिथेच मिटला.

आता कोट कापायला घेतलाय. साहेब कोपऱ्यात टॉवेल गुंडाळून बसलेत, पँट मशीनवर आहे. मास्तरीणबाईंनी मोठ्या आरशावर जाड चादर टाकली आहे आणि बजावलं आहे, "वरचा डावा खिसा लागेपर्यंत ही काढायची नाही. आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवा, डावी बाजू सापडते का बघा, मग कात्री उचला."

मास्तरांनी निमूटपणे छातीवर हात ठेवला. टेपसकट.