जावयानं न तपासलेली गाठ

तिसरं इंजेक्शन देऊनही सासूबाईंची उलटी थांबेना. घाटंजीहून उमरखेडला लेकीकडे आल्या आणि दोन दिवस पोट धरून पडल्या. मी सर्जन. वर घर, खाली माझा दहा खाटांचा दवाखाना. निदान मीच केलं होतं: गॅस.

एक्स-रे काढला, तर आतडी फुग्यासारखी फुगलेली. म्हणजे वाट कुठेतरी अडलेली.

"आई, पोट पाहावं लागेल. जांघही."

"मरू द्या मले. पन जवायासमोर लुगडं नाही सोडनार."

"अवं माय, इथं ते जवाई नाहीत, डॉक्टर आहेत," बायको म्हणाली.

"मंग वरच्या मजल्यावर कोन असते? कंपाउंडर?"

शेवटी लेकीनंच लुगडं सरकवलं. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ, कडक, लाल. हर्निया. जांघेतल्या अरुंद फटीतून आतड्याचा तुकडा बाहेर येतो आणि तिथंच आवळला जातो. रक्त थांबतं, आतडं काळं पडतं, मग सडतं. उलटी आणि पोटदुखी दिसली की आधी जांघ पाहा, हे मी ज्युनिअर डॉक्टरांना ओरडून शिकवतो.

भूल देणारा मित्र म्हणाला, "नांदेडला पाठव. घरच्या माणसावर हात चालत नाही."

"बीपी आत्ताच कुठे सावरलंय. रस्त्यात आतडं फुटलं तर?"

"आणि तुझा हात थरथरला तर?"

"तर शिव्या दे."

व्हेंटिलेटर नव्हता. त्यामुळे कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग तेवढा बधिर केला. सासूबाई जाग्याच. डोक्यावर पदर हवा म्हणून त्यांनी मित्राकडून टॉवेल मागून घेतला.

फास सोडवला. आतडं काळपट जांभळं. गरम सलाईनच्या कापडात गुंडाळून थांबलो. रंग परतला तर ठेवायचं, नाही तर कापायचं. परतला नाही. वीतभर कापून टोकं शिवली. पहिल्या दिवशी पाहिलं असतं, तर बहुधा नुसतं आत सरकवून भागलं असतं.

"झालं का जवाईबापू?" टॉवेलखालून आवाज आला.

"होत आलं."

"माह्याकडं पाहू नका म्हंजे झालं."

मित्राला अचानक खोकला आला.

सासूबाई वाचल्या. घाटंजीत अजून सांगतात, "जवायानं बरोब्बर वळखलं, म्हनून मी हाये." धोंड्याच्या महिन्यात त्यांनी रीतीप्रमाणे माझे पाय धुतले. मी मुकाट्यानं पाय पुढे केले.

त्या लाजल्या म्हणून उशीर झाला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. खरं असं की एक्स-रे होईपर्यंत जांघ पाहू का, असं मी त्यांना विचारलंच नव्हतं. लाजत मी होतो. त्यांच्या लाजेची मला सोय झाली.

आता नात्यातलं कुणी पोट धरून आलं की मी आधी दार लावतो, मग जांघ पाहतो आणि त्यानंतरच "कधी आलात?" म्हणून विचारतो. पाहुण्यांची ये-जा बरीच कमी झाली आहे.